भिंतीवरचे भाऊजी

भाऊजींचा चेहरा मी पहिल्यांदा काढला तो त्यांच्याच घराच्या भिंतीवर. ते वावरातून आले, बैलबंडी सोडली, बैलांना पाणी दाखवलं आणि वळून बघतात तर भिंतीवर स्वतःच उभे. एका हातात बियाण्याचं पाकीट, दुसऱ्या हातात फुटलेलं बोंड, आणि दात दिसतील एवढं हसू. ते भिंतीजवळ गेले, मग चार पावलं मागे आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी उगाच ब्रश घासलेटात बुडवून बुडवून धूत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "मिशी जरा जास्तच झुपकेदार काढली बे साळेबुवा. पन राहू दे. तुह्या ताईले आवडन."

ताई ओसरीतून म्हणाली, "मले काय आवडाचं त्याच्यात? घरात एक अन् भिंतीवर एक, कामाचा दोघातला एकही नाई."

तेव्हा बीटी कापसाचं बियाणं नवीन होतं. आज लोक मला आर्टिस्ट म्हणतात. आधी पॉप आर्टिस्ट म्हणायचे, मग त्याला कन्सेप्च्युअल असंही लागलं. मला विचारतात, सुरुवात कुठून झाली. मी काहीतरी सांगतो. खरं म्हणजे ती त्या भिंतीपासून झाली, आणि त्या भिंतीनं माझं जेवढं भलं केलं, तेवढा भाऊजींना त्रास दिला. हे मला कुठल्या मुलाखतीत नीट सांगता आलेलं नाही, म्हणून लिहून बघतोय.

मी आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे एक दिवस दप्तर घेऊन निघालो आणि शाळेच्या फाटकापासून परत फिरलो. गणिताच्या तासाला माझ्या पोटात कळ यायची, ती कुठल्या औषधानं जाईना. आईवडील थकलेले, त्यांनी मला धामणगाव बढ्याजवळ ताईच्या गावी पाठवून दिलं. जावयाच्या घरी साळा राहायला येणं म्हणजे काय असतं ते मला कळत होतं. मी पाट मांडायचो, शेण काढायचो, कोणी सांगायच्या आधी पाणी भरायचो. भाऊजी एकदा म्हणाले, "तू कायले असा भेदरल्यावानी राह्यतं बे? कोणी हाकलून राह्यलं का तुले?" कोणी हाकलत नव्हतं. पण ती सवय अजून गेलेली नाही. आज बडोद्यात माझ्या खोलीच्या दारावर कोणी टकटक केली की वाटतं, आता सांगतील, चुकून बोलावलं होतं तुम्हाला.

माझा हात चांगला आहे हे भाऊजींनीच ओळखलं. गोठ्याच्या दारावर मी कोळशानं त्यांच्या बैलाचं चित्र काढलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी मला एसटीनं धाड गावी घेऊन गेले. तिथे त्यांच्या ओळखीचे एक पेंटर चाचा होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, दर्ग्यावरची उर्दू अक्षरं आणि देवळावरची मराठी अक्षरं, सगळं एकाच हातानं काढायचे. भाऊजी त्यांना म्हणाले, "पोरगं गनितात कच्चं हाये. मी म्हन्लं, म्हून काय हात तोडून टाकाचा का त्याचा?" चाचांनी माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली, बकरा घेताना पाहतात तशी, आणि म्हणाले, "चलेगा. लेकिन चाय नहीं माँगने का, मैं खुद पिलाऊँगा."

पुढच्या काही वर्षांत आम्ही बियाण्याच्या कंपन्यांच्या भिंती रंगवल्या. कंपनीचा माणूस जीप घेऊन यायचा, कागदावरची डिझाईन द्यायचा आणि कोणत्या गावांत जायचं ते सांगायचा. रस्त्याकडेची भिंत बघायची, घरमालकाला विचारायचं, चुना मारायचा, गेरूत भिजवलेली दोरी ताणून रेघा पाडायच्या आणि अक्षरं भरायची. मालकाला कंपनीकडून एक टोपी मिळायची, दुसरं काही नाही. मग त्यानं आपली भिंत का द्यावी? त्यावर चाचांची स्वतःची रीत होती. डिझाईनमध्ये एक हसरा शेतकरी असायचा, गोरा, गुळगुळीत, आमच्या मुलखात कुणाच्या घरी न जन्मलेला. चाचा म्हणायचे, "मालिक का मुँह डाल दे. भिंत अपनी." मालकाचा चेहरा काढला की मालक खूश. त्या भिंतीला पुढे तो जिवापाड जपायचा. दुसऱ्या कंपनीचा पेंटर आला तर त्याला दारातूनच परत पाठवायचा. निवडणुकीचा कागद स्वतःच्या तोंडावर कोण चिकटू देईल?

भाऊजींचा चेहरा तसाच काढला होता, भिंतीचे मालक म्हणून. पण तो जमून आला. कंपनीच्या माणसानं पाहिला आणि म्हणाला, हाच सगळीकडे मारा, हा खरा वाटतो. मी भाऊजींना विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मार ना बे. माहं काय जाते?" असे ते मोताळ्याच्या रस्त्यानं, नांदुऱ्याच्या रस्त्यानं, पार संग्रामपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन पोचले. जिथे ते जन्मात गेले नव्हते त्या गावांत लोक त्यांना तोंडानं ओळखू लागले. एसटीत खिडकीपाशी बसून आपल्या भिंती बघता याव्यात म्हणून ते आधीच्या स्टॉपवर जाऊन उभे राहत. लग्नात नवरदेवापेक्षा त्यांच्याभोवती गर्दी. "काय हो हिरो, औंदा कोणतं लावू?" असं कोणी विचारलं की ते पाकिटावरचं नाव मोठ्यानं सांगायचे, जणू त्यांनीच ते बियाणं काढलं होतं. त्यांना त्यात खोटं काही वाटत नव्हतं, आणि तेव्हा खोटं नव्हतंही. बोंडअळी खरोखरच गेली होती. फवारणी कमी झाली होती. ताईच्या घरावर त्याच वर्षांत पत्रे आले.

मग फ्लेक्स आले आणि भिंती बंद पडल्या. चाचांचे एक नातेवाईक बडोद्यात पाट्या रंगवायचे, त्यांच्याकडे मी गेलो. तिथेही फ्लेक्स माझ्याआधीच पोचले होते. पण एक बाई होत्या, मोठ्या शिल्पकार, घरात जुन्या वळणाचं मराठी बोलणाऱ्या. त्यांना एका कामावर हातानं अक्षरं काढून हवी होती. मी गेलो तो चार दिवसांसाठी, आणि मग राहिलोच. त्यांच्या स्टुडिओतली माणसं इंग्रजीत बोलायची आणि मी ब्रश धुवायचा तरी परवानगी मागायचो. बाई म्हणायच्या, "अरे, तू काय देवळात आला आहेस का?" त्यांनी मला खोली दिली, रंग दिले, दवाखान्यात नेलं. त्यांचे उपकार मी इथे मोजत बसत नाही, पण ते नसते तर मी आज काहीच नसतो.

तिथे मला घरची आठवण यायची. तेलाच्या डब्यांचे कापलेले पत्रे पडलेले असायचे. एका पत्र्यावर मी भाऊजी काढले. बाईंनी पाहिलं. "हा कोण?"

"आमचे भाऊजी."

"आणखी काढ."

मी काढत गेलो. गुलाबी पार्श्वभूमीवर, पोपटी, जांभळ्या, बियाण्याच्या पाकिटांचे रंग असतात तसे. सगळे एकसारखे हसणारे, ओळीनं. ते भिंतभर लावले आणि लोक बघायला आले. हसले, उभे राहिले, पुन्हा बघितलं, मग काहींनी विकत घेतले. कोणीतरी मला समजावून सांगितलं की बाजारातलं चित्र उचलून असं टांगणं म्हणजे पॉप. मी म्हटलं, मग चाचा जन्मभर तेच करत आले की. पत्र्यांच्या शेजारी एक छापील पट्टी लावली होती, त्यावर लिहिलं होतं: अनाम शेतकरी. मी ती तशीच राहू दिली. मोताळा तालुक्यात ज्याला कुत्रंसुद्धा ओळखतं तो माणूस इथे अनाम. भाऊजींना मी मोबाईलवर फोटो दाखवले तेव्हा ते खूप हसले. "बडोद्यात बी पोचलो म्हन की."

मागाहून मी एक काम केलं, त्यात चित्रच नव्हतं. बीटीच्या पिशवीत एक छोटं पाकीट साध्या, बीटी नसलेल्या सरकीचं यायचं. बांधाच्या कडेनं ते लावा, अळीला तिकडे जागा राहू द्या, म्हणजे ती बीटीला सरावणार नाही, असं त्यावर छापलेलं. ते कोणी लावत नसे. माळ्यावर पडायचं, नाहीतर उकिरड्यावर. ताईनं गावभर फिरून अशी पाकिटं गोळा करून मला एसटीच्या पार्सलनं पाठवली. मी एक मोठी खोली रिकामी ठेवली आणि फक्त कडेनं, भिंतींच्या पायाशी, त्या पाकिटांची ओळ लावली. लोक मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून विचारायचे, काम कुठे आहे? तेव्हापासून मी कन्सेप्च्युअल झालो.

त्यानंतर गुलाबी अळी आली.

ती बीटीला जुमानत नाही आणि बाहेरून दिसत नाही. पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, हिरवीगार असते, बोंडं टपोरी. फक्त काही फुलं उमलत नाहीत, पाकळ्या गुंडाळून मिटून राहतात. त्यांना डोमकळी म्हणतात. ती उकलली की आत अळी. बोंड फोडलं की कापूस पिवळा, चिकट, वेचायच्या लायकीचा नाही. त्या साली आमच्याकडे उभ्या पऱ्हाटीत लोकांनी जनावरं सोडली. भाऊजींचंही वावर तसंच गेलं.

त्याच दिवसांत ते धामणगावच्या बाजाराला गेले होते. शेजारच्या गावचा एक माणूस, जुना ओळखीचा, त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. खिशातून किडका कापूस काढला आणि त्यांचा हात ओढून तळहातावर ठेवला. म्हणाला, "आता हस ना बे. भिंतीवर तं लई हसते. तुह्याच तोंडाकडे पाहून लावलं होतं मी." आजूबाजूचे थांबून बघू लागले. आणि भाऊजी हसले. सवयीनं. माणसं बघायला लागली की ते इतकी वर्षं हसतच आले होते. त्यावर तो माणूस थुंकला, त्यांच्या पायाशी नाही, बाजूला, पण थुंकला.

भाऊजी भाजी न घेता घरी आले. त्यानंतर त्यांनी बाजार सोडला. लग्नाला जाणं सोडलं, मयतीला जाणं सोडलं. एसटीत बसायचं बंद केलं, कारण रस्त्यात प्रत्येक गावात ते स्वतः उभे होते. किराणा, मोताळ्याची कामं, सगळं ताई करू लागली. एकदा त्यांनी आपल्याच घराच्या भिंतीवर चुना मारला. पण ऑईलपेंटवर चुना धरत नाही. आठवडाभरात पोपडे सुटले आणि आधी दात बाहेर आले, मग मिशी. गावातली पोरं बघायला यायची, आज किती निघाले म्हणून. ताईनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेली होती. "हा मानूस घरात बसून बसून खपन. तू काढलं, तूच येऊन पुस."

मी बाईंना सुट्टी मागितली आणि कशासाठी ते सांगितलं. त्या उठून उभ्याच राहिल्या. त्या वेळी माझ्या एका मोठ्या प्रदर्शनाचं बोलणं चाललं होतं, पत्र्यांचंच. बाई म्हणाल्या, "पत्रे बाजूला ठेव. हे पुसणं हेच तुझं काम आहे. गावोगाव जाऊन पूस, आणि एकूण एक भिंत कॅमेऱ्यात घे. याच्याइतकं खरं काम तुझ्या हातून पुन्हा होणार नाही." त्यांनी स्वतःचा कॅमेरा आणि स्टँड दिला. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. मलाही वाटलं की त्या बरोबर आहेत, आणि मला भीतीही वाटली, कारण मला ते हवं होतं.

घरी पोचलो तर भाऊजी वाळलेले. दाढी वाढलेली. माझ्याशी ते नेहमीसारखं बोलले, पण दाराकडे पाठ करून. सकाळी मी भिंतीसमोर स्टँड लावला, कॅमेरा बसवला, रंग खरवडायची पत्री आणि पॉलिशपेपर काढले. मागे वळतो तर भाऊजी आंघोळ करून, दाढी करून, लग्नातला सदरा घालून भिंतीजवळ येऊन उभे. केस पाण्यानं चापून बसवलेले.

"कुठी पाहू?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातातली पत्री तशीच राहिली. "तुमी कुठी पाहाचं नाई भाऊजी. मी पुसून राह्यलो."

"मग हे कायले?" कॅमेऱ्याकडे बोट.

"तिकडं दाखवाचं हाये. पुसतानाचं."

कॅमेऱ्याकडे बघून त्यांचा चेहरा हसायला लागला होता, तो त्यांनी हातानं पुसल्यासारखा केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हंजे पुसल्यावर बी मीच दिसनार."

मी कॅमेरा काढला आणि घरात नेऊन ताईच्या कपाटात ठेवला. त्या सबंध कामाचा एकही फोटो नाही. बडोद्याला परतल्यावर बाईंनी विचारलं, "मग हे घडलं याला पुरावा काय?" मी म्हटलं, "घडलं." त्या काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मोठं प्रदर्शन गेलं, ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी रोज वाट बघत होतो, आता खोली सोडायला सांगतील. एका सकाळी त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि नव्या कामाचं बोलू लागल्या. उरलेले पत्रे मी भिंतीकडे तोंड करून ठेवले आहेत. विकले गेलेले कुणाकुणाच्या दिवाणखान्यात असतील. तिथे मी पत्री घेऊन जाऊ शकत नाही. ते हसणं तिथे चालूच असेल, आणि ते मला खात राहतं.

तर तेव्हा, घरची भिंत पुसून झाल्यावर मी बाकीच्या गावांना निघालो. भाऊजी म्हणाले, "थांब, मी बी येतो." ताई हातातली परात ठेवून बाहेर आली. इतक्या महिन्यांत ते गावाबाहेर पडले नव्हते. "पुसाले बी मीच आलो असं दिसू दे लोकाहिले," ते म्हणाले. तरी तोंडाला उपरणं गुंडाळूनच, रंगाचा डबा मांडीवर घेऊन ते माझ्या मागे गाडीवर बसले.

काही भिंती राहिल्याच नव्हत्या. घर पडून स्लॅब झालेला, नाहीतर समोर शटरची दुकानं. एका गावात पोरांनी भाऊजींना चष्मा काढला होता. एका ठिकाणी घरच्या बाईनं चित्रातल्या पाकिटावर नेमक्या गोवऱ्या थापलेल्या. भाऊजी उपरण्याच्या आतून म्हणाले, "हे बरं केलं या बाईनं." एक मालक अडून बसला, भिंत रंगवता तर छपरी पण रंगवून द्या. ती दिली. बहुतेक लोकांनी काही विचारलं नाही. मी पत्रीनं खरवडायचो, भाऊजी पॉलिशपेपर मारायचे, मग प्राइमर, मग भिंतीच्या रंगाशी मिळता हात. ते घासायला नेहमी तोंडापासून सुरुवात करायचे. मी म्हणायचो, आधी कडेनं घ्या, सोपं जाईल. ते ऐकायचे नाहीत.

संग्रामपूरच्या पलीकडे, डोंगर दिसायला लागतात तिथे, गावाच्या अगदी शेवटी एका म्हातारीचं घर होतं. एकटीच राहायची, दोन-चार शेळ्या. भिंतीचा खालचा भाग तिनं वर्षानुवर्षं सारवलेला, वरचं चित्र जपलेलं. वर भाऊजी काल काढल्यासारखे ताजे. मी पत्री लावली तर ती काठी घेऊनच आली.

"काऊन बे, हात लावतं? कोण्या गावचा तू?"

मी सांगितलं, मावशी, जाहिरात आहे, जुनी झाली, पुसतोय, भिंत नवी करून देतो.

"मले नाई पायजे नवी. मी काय तुले बलावलं होतं? राहू दे त्या मानसाले. येता-जाता दिसते. तुम्हाले काय करते तो?"

आता भाऊजी पुढे झाले. उपरणं तोंडावर तसंच. "मावशी, तो मानूस चांगला नाई. लोकाहिले फसवलं त्यानं."

"त्यानं?" म्हातारी उसळली. "इतके वर्सं झाले, एक शब्द नाई बोलला कोणाले. अन् तू कोण सांगनारा?"

भाऊजींनी उपरणं सोडलं. "मीच हाव तो."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे. "जाय रे. तो हसते. तू कधी हसला व्हता जन्मात?"

भाऊजींच्या घशातून एक आवाज आला. मला आधी ठसका वाटला. ते हसत होते. आवाज दाबत, मग न दाबता, गुडघ्यावर हात ठेवून. भिंतीवरचं हसू ते नव्हतं. असं हसू मी कधी काढलंच नव्हतं. म्हातारी जवळ येऊन त्यांच्या तोंडात बघू लागली. "हाव की. तूच व्हय. पन एक दात गेला तुहा."

मग तिनं आम्हाला पाणी दिलं आणि बसवलं. बोलता बोलता कळलं की तिला वाचता येत नव्हतं. भिंतीवर बियाण्याचं काही लिहिलं आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी ते एका माणसाचं चित्र होतं, दारापाशी उभं असलेलं. भाऊजींनी तिला सगळं सांगितलं, अळीचं, बाजाराचं, थुंकण्याचंही. इतक्या महिन्यांत त्यांनी ते ताईलासुद्धा एका दमात सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मंग त्याची काय चूक? अक्षरं पुसा ना. मानसाले काऊन पुसता?"

भाऊजी माझ्याकडे बघू लागले.

"अक्षरं पुस," ते म्हणाले.

मी कंपनीचं नाव खरवडलं, खालची ओळ खरवडली, पाकीट खरवडलं. हात रिकामा राहिला, काहीतरी मागत असल्यासारखा. म्हातारी म्हणाली, हे बरं नाही दिसत, हातात काहीतरी द्या त्याच्या. काय द्यायचं विचारलं तर आपल्या पायाशी उड्या मारणाऱ्या पिल्लाकडे बोट दाखवलं. मी भाऊजींच्या कुशीत शेळीचं पिल्लू काढलं, तपकिरी, पांढऱ्या कानाचं. भाऊजी शेजारी बसून सूचना करत होते, पाय असे नाही, तसे दुमडतात. निघताना त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, तोंडावर बांधलं नाही.

परतताना धामणगावात बाजार भरलेला होता. मी गाडी बाहेरून काढू लागलो तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आत घे."

"नक्की?"

"घे म्हन्लं ना बे."

आम्ही गाडी लावली आणि चालत गेलो. मी त्यांच्या अर्धा पाऊल मागे होतो, कोणी काही बोललं तर मध्ये पडायला. लोक बघत होते. एक-दोघांनी मान हलवून ओळख दिली. भाऊजी सरळ कृषी केंद्रांच्या ओळीकडे गेले आणि एका दुकानापुढे थांबले. दुकानावर नवा फ्लेक्स होता. नवीन वाण, आणि बाजूला हसरा शेतकरी, गोरा, गुळगुळीत, इस्त्रीचा सदरा. दुकानापुढे चार-पाच गिऱ्हाईकं उभी होती. त्यांनी भाऊजींना ओळखलं आणि बोलणं थांबवलं. दुकानदारानंही ओळखलं. तो जरा सावरून म्हणाला, "या ना भाऊ. नवीन माल हाये. घ्याचा का?"

भाऊजी फ्लेक्सकडे बघत होते. "हा कोण्या गावचा?"

"कोण?"

"हाच. हसून राह्यला तो."

"तो? कंपनीचा फोटो हाये भाऊ तो."

"ते समजलं. गाव कोणतं त्याचं? म्हन्लं, त्याच्या घरी जाऊन पाहू, औंदा त्याच्या पऱ्हाटीले काय झालं. मले तं लोक विचारतेत. याले कोणी विचारलं नाई अजून."

मग गिऱ्हाइकांपैकी एकजण फसकन हसला, दुसऱ्यानं भाऊजींच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "विचार ना हिरो, तुह्याच धंद्यातला हाये तो." दुकानदारही हसला, नाइलाजानं. भाऊजी हसले नाहीत. ते अजून फ्लेक्सकडेच बघत होते, उत्तराची वाट बघत असल्यासारखे. त्यांची बोटं उपरण्याच्या टोकाला पीळ देत होती, सोडत होती, पुन्हा देत होती.

मग ते मला म्हणाले, "चाल, तुह्या ताईले भाजी घेऊ," आणि गर्दीत शिरले.